मीठखंडातला कोरा चौकोन

भाची : …म्हणून परिचयाचं पान मी असं सुरू केलंय. ऐक. "मीठखंड हा टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टींचा खेळ आहे. एक जण सूत्रधार होतो आणि जग सांगतो. बाकीचे त्या जगात एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली, की वीस बाजूंचा फासा टाकायचा."

आत्या : शंका आली की नाही गं. काही पणाला लागलं असेल तरच. दार उघडायलाही फासा टाकायला लावलास, तर माणसं संध्याकाळपर्यंत उंबऱ्यातच बसतील.

भाची : "काही पणाला लागलं, की." बदललं. बाकी?

आत्या : बाकी चांगलं आहे. वाक्यं आखूड ठेवलीस ते बरं केलंस. माझ्या पहिल्या आवृत्तीतलं पहिलं वाक्य सात ओळींचं होतं.

भाची : नऊ. मोजलंय मी.

आत्या : मोजणी कार्यालयात तीस वर्षं नकाशे काढले, बाई. तिथे वाक्य संपलं की खाली सही करावी लागते. म्हणून कोणी संपवतच नाही.

भाची : आत्या, पाच वाजता फाइल छापखान्यात जाते. आत्ता साडेतीन झालेत. उरलेली पानं भरभर बघ ना.

आत्या : भरभर बघायची सवय असती, तर अर्ध्या गावाच्या हद्दी शेजाऱ्याच्या अंगणात गेल्या असत्या. तू गप बस आणि मला बघू दे. हे काय, पान अठ्ठेचाळीस. खारकुत्रा. याला मारायला फासा किती लागतो?

भाची : पाच.

आत्या : पाच? नव्या नियमांनी?

भाची : नव्या… थांब.

आत्या : म्हणजे पाच किंवा त्याच्या वर काहीही पडलं, की कुत्रा मेला. या खारकुत्र्यानं आमच्यात खेळणाऱ्या दंतवैद्याला तीनदा फाडलं होतं. आता त्याला शेजारची मांजरसुद्धा पळवून लावेल.

भाची : राहिला हा. जुन्या आवृत्तीत फासा कमी पडला की चांगलं, नवीनमध्ये जास्त पडला की चांगलं. मी सगळे आकडे एकवीसमधून वजा करून उलटवले. एकशे चाळीस तक्ते, आत्या. एकटीनं. हा एक सुटला. पाचचे सोळा कर… केले.

आत्या : एकशे चाळीसमध्ये एक. आमच्याकडे असतीस तर तुला बढती मिळाली असती आणि बाकीच्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं असतं.

भाची : मला खूप छान वाटतंय. खरंच. आठ महिन्यांपूर्वी प्रकाशनातल्या बाईंना मी तुझ्या त्या झेरॉक्स काढलेल्या वह्या दाखवल्या, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, तीस वर्षांपूर्वीचा खेळ आता कोण खेळणार. काल त्याच फोन करून विचारत होत्या, मुखपृष्ठावर पखालजीच हवा ना? नक्की ना? त्यांच्या कार्यालयात चार जणांनी खेळून बघितलं, चौघांना पखालजीच व्हायचं होतं.

आत्या : चौघं पखालजी झाले तर तहान लागायची कोणाला?

भाची : पण कल्पनाच किती भारी आहे. समुद्र आटून नुसतं मीठ उरलेलं जग. त्यात तलवारवाले आहेत, मंत्रवाले आहेत, आणि सगळ्यांत मोठा माणूस कोण, तर पाठीवर पाण्याची कातडी पखाल घेऊन चालणारा. तो मागे राहिला की सगळे मेले. हे तुला सुचलं कसं?

आत्या : मला नाही सुचलं.

भाची : मग कोणाला?

आत्या : पान उलट. नकाशा बघू.

भाची : हा बघ. जोडपान. तुझीच रेघ ठेवलीये, एकही संगणकावर ओढली नाही. अक्षरही तुझंच.

आत्या : हं. डोंगरांच्या कडा छान उतरल्यात. मला वाटलं होतं बारीक रेघा तुटतील. हे रुतलेलं जहाज, हा खारवाटांचा नाका… चांगलं केलंयस हो. तुझ्या हाताला वळण आहे.

भाची : चाळीस नंबरच्या चौकोनातली रेघ थोडी…

आत्या : अगं टिकले, बेचाळीसमध्ये हे काय आहे?

भाची : लवणपूर.

आत्या : ते वाचता येतंय मला. कुठून आलं?

भाची : मी लिहिलं. पान एकशे बारा ते एकशे वीस. भुयारी झरा, तीन टोळ्या, मिठाच्या विटांची घरं. अगं, तो चौकोन कोरा होता. मला वाटलं स्कॅन करताना उडाला. अठ्ठेचाळीस चौकोनांतले सत्तेचाळीस भरलेले आणि मध्येच एक पांढरा. बाई म्हणाल्या, कोरा गेला तर लोक पुस्तक परत करतील, छपाईतली चूक म्हणून. तुझ्या वह्या चाळल्या, कुठेच काही सापडलं नाही. मग मी भरला.

आत्या : खोड.

भाची : का? वाईट आहे?

आत्या : वाईट नाही. सकाळीच वाचलं मी ते. मला वाटलं, नकाशाच्या कडेला नवा भाग जोडलायस. तुझं लवणपूर माझ्या निम्म्या चौकोनांपेक्षा सरस आहे. पण तिथे नाही ठेवायचं. तो चौकोन तुझा नाही. माझाही नाही.

भाची : तुझं जग, तुझा नकाशा, आणि तुझा नाही?

आत्या : हे माझं जग आहे असं कोणी सांगितलं तुला? मी फक्त आडवे आठ आणि उभे सहा असे चौकोन आखले आणि कोरा कागद टेबलावर ठेवला. आमच्यात एक रीत होती. कोऱ्या चौकोनात ज्याच्या पात्राचा पहिला पाय पडेल, त्यानं सांगायचं तिथे काय आहे. सूत्रधारानं मध्ये बोलायचं नाही. तो म्हणेल ते मी काढायचं. मग कायमचं.

भाची : हे नियमावलीत कुठेच नाही.

आत्या : कशाला असेल? सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोण लिहून ठेवतं?

भाची : आत्या. खेळातली सगळ्यांत भारी गोष्ट तीच आहे, आणि ती तू आठ महिन्यांत मला सांगितली नाहीस?

आत्या : तू विचारलं नाहीस. समुद्र कसा आटला ते माहीत आहे का तुला? पहिल्याच रविवारी, पहिल्या चौकोनात नर्सबाईंचा पाय पडला. लागोपाठ दोन पाळ्या करून आल्या होत्या बिचाऱ्या. मी विचारलं, काय दिसतंय? म्हणाल्या, समुद्र होता, आता नाही. त्यापुढे बोलायचं त्राणच नव्हतं त्यांना. झालं. त्यावर अठ्ठेचाळीस चौकोन उभे राहिले.

भाची : मी परिचयात लिहिलंय, "लेखिकेच्या प्रतिभेतून साकारलेलं."

आत्या : ते पण खोड.

भाची : बरं. रीत मी पान तीनवर टाकते, चौकटीत. पण बेचाळीसचं सांग. तिथे कोणाचा पाय पडला होता?

आत्या : पखालजीचा.

भाची : आणि पखालजी कोण खेळायचं? नर्सबाई, दंतवैद्य, आवकजावकवाले आणि ते रेल्वेतले जुळे भाऊ, या पाच जणांच्याच पात्रांची पानं मिळाली मला. सहावं पान नव्हतंच.

आत्या : नसणारच. तो घेऊन गेला.

भाची : कोण?

आत्या : तुझा बाप.

भाची : माझा बाबा? लिफ्टवाला? वर्तमानपत्रातलं कोडंसुद्धा फालतू आहे म्हणणारा?

आत्या : तोच. एकोणीस वर्षांचा होता. बाकीचे सगळे माझ्या वयाचे, नोकरीतले, आणि मध्ये हा काडी पहिलवान. पात्र काढ म्हटलं तर सगळे राजे नाहीतर चोर व्हायचे. हा म्हणाला, इथे पाणी नाही ना, मग मी पाणी आणणार.

भाची : मला राग येतोय. सांगूनच टाकते. माझ्या बाबाचं पात्र माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे आणि मला हे शेवटच्या तासाला कळतंय. घरी मी जेवताना आठ महिने मीठखंड, मीठखंड करतेय. तो मान खाली घालून जेवतो.

आत्या : त्याला बोलायचं नसेल.

भाची : का सोडला त्यानं खेळ?

आत्या : फाशावरून बिनसलं. तो बेचाळीसमध्ये शिरला, संकट आलं, फासा पडला. हा उठला, आपलं पान उचललं आणि निघून गेला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांत आम्ही बहीणभाऊ सगळ्यावर बोललो. घरावर, दुखण्यांवर, तुझ्या आईच्या ऑपरेशनवर. यावर नाही.

भाची : चार वाजता तो मला न्यायला येतोय. तू विचार त्याला.

आत्या : मी नाही विचारणार.

भाची : म्हणजे मी विचारायचं?

आत्या : तू तर मुळीच नको. तोंडघशी पडशील. त्यापेक्षा कोराच जाऊ दे.

भाची : कोरा गेला तर बाई माझं लवणपूर परत टाकतील. त्यांच्याकडे आधीची फाइल आहे. आत्या, पाच वाजेपर्यंत त्या चौकोनात काहीतरी खरं असायला हवं, नाहीतर माझं खोटं कायमचं छापलं जाईल. दुसरी वाट नाही. आणि मला हे पुस्तक नीट हवंय. चालेल असं नकोय, नीट हवंय.

(बेल वाजते. दार उघडतं. हत्यारांची जड पिशवी फरशीवर टेकते.)

भाऊ : तयार आहेस का? खाली गाडी वाटेत लावलीये.

भाची : बाबा, आत ये आधी.

भाऊ : ताई, तुमच्या लिफ्टचं दार दुसऱ्या मजल्यावर घासतंय. सांगून ठेव त्यांना. रोलर गेलाय.

आत्या : सांगते. पाणी घे.

भाऊ : घेतो. काय झालंय? दोघींची तोंडं अशी का?

भाची : बाबा, तू पखालजी होतास?

भाऊ : ताईनं सांगितलं?

आत्या : सांगावं लागलं. हिनं बेचाळीस भरला होता. तिला ठाऊक नव्हतं.

भाऊ : बघू. …लवणपूर. भुयारी झरा. चांगलं लिहिलंय. पण झरा असता तर पखालजीची गरज काय? ते दोघं एका ठिकाणी बसत नाहीत.

भाची : ते मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मग तू सांग ना तिथे काय आहे. रीत कळली मला. पहिला पाय तुझा, शब्द तुझा. साठ शब्द पुरे आहेत.

भाऊ : मला नाही सांगता येत.

भाची : का?

भाऊ : पखालजी मेला. मेलेला माणूस काय सांगणार?

आत्या : मेला नाही. फासा चार पडला होता. सहाच्या आत हवा होता. वाचला तो.

भाऊ : ताई.

आत्या : सूत्रधार सांगेल ते खरं. सगळ्या खेळांत असंच असतं.

भाऊ : फासा सांगेल ते खरं. नाहीतर टाकायचा कशाला?

भाची : मला कोणी नीट सांगेल का?

भाऊ : सांगतो. ताई सूत्रधार. ती पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायची. त्यामागे तिचे कागद असायचे, आणि मोठं संकट असलं की फासाही तिथेच टाकायची. आम्ही तिच्या कार्यालयातल्या नकाशांच्या खोलीत बसायचो, रविवारी. तिच्या पाठीमागे काचेचं कपाट होतं. मी समोर बसायचो. मीठवादळ आलं. सहाच्या आत पडला तर वाचलो, नाहीतर मेलो. तिनं टाकला. म्हणाली, चार. कपाटाच्या काचेत मला फासा दिसत होता.

भाची : किती होता?

भाऊ : ते तिलाच विचार.

आत्या : काचेत आकडा उलटा दिसतो.

भाऊ : उलटा दिसला तरी दोन आकडी तो दोन आकडीच. चारला एकच आकडा असतो.

भाची : अठरा असेल तर? नाही, ऐका. समजा अठरा होता. जुन्या नियमांनी मेला. पण नवीन आवृत्तीत उलटं आहे. सहाच्या आत म्हणजे आता पंधराच्या वर किंवा पंधरा. अठरा पडला म्हणजे सरळ वाचला. कोणी खोटं बोललं नाही, कोणी मेलं नाही, सगळे खूश. बाबा, तू जिवंत आहेस. नियमानं.

भाऊ : हुशार आहेस.

भाची : मग?

भाऊ : चालणार नाही. तो फासा जुन्या नियमांनी पडला होता. आज ब्रेकची चाचणी नापास झाली आणि उद्या मी चाचणीचा आकडाच बदलला, तर ती लिफ्ट पास झाली का? बसशील तू तिच्यात?

भाची : नाही.

भाऊ : झालं तर.

आत्या : एका खेळातल्या माणसासाठी अठ्ठावीस वर्षं अडून बसला आहेस, धाकट्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुझ्यावरूनच.

भाऊ : खेळातल्या माणसासाठी नाही. माझ्यासाठी. तुला माहीत आहे ते.

आत्या : मला माहीत नाही. बोल की एकदा.

भाऊ : आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा. तिथून पुढे तूच. शाळेत तू, डॉक्टरकडे तू. डिप्लोमात नापास झालो तर मला न सांगता कॉलेजात जाऊन प्राचार्यांना भेटून आलीस. तुला वाटलं मला कळलं नाही. कळलं होतं. सगळ्या वर्गाला कळलं होतं. एक टेबल असं होतं, ताई, जिथे मी काय करणार हे मी ठरवायचो. त्यात मरायची वेळ आली होती. माझी माझी आली होती. तिथेही तू खालून हात लावलास.

आत्या : हो, लावला.

भाऊ : कशाला?

आत्या : त्याच आठवड्यात तुझा निकाल लागला होता. तुझं तोंड बघवत नव्हतं मला. पाच दिवस नीट जेवला नव्हतास. त्या पखालजीवर तुझा जीव होता. तो मेला तर तू रविवारीसुद्धा उठणार नाहीस, यायचा बंद होशील, एवढंच त्या घटकेला डोक्यात आलं. फासा पडला आणि माझ्या तोंडातून चार निघून गेलं. मी ठरवून नाही बोलले.

भाऊ : आणि मी यायचा बंदच झालो.

आत्या : झालास. मला वाटलं, चिडलाय, येईल. मग वाटलं, आता नोकरी लागली, आता लग्न झालं. पुढच्या रविवारी पाच जण बसले, पण पाणी कोणाकडेच नव्हतं. दोन महिन्यांत खेळ बंद पडला. दर वर्षी नकाशा काढून बघायचे. तो चौकोन भरायला हात धजायचा नाही. राग आला तुझा, खूप आला. मी तुझं भलंच केलं होतं, आणि तू माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघून निघून गेलास.

भाऊ : भलं केलंस. पण मला दाखवून करायचं होतंस. आमच्या कामात दोर झिजला असला तर झिजलेला दिसायला हवा. वरून ग्रीस लावून झाकला की माणसं मरतात. दोर तुटण्याचा राग नाही ग, झाकण्याचा आहे.

भाची : बाबा, चार वीस झालेत. मी घाई करत नाहीये. नुसतं सांगतेय.

भाऊ : ताई, आकडा सांग.

आत्या : तुला दिसला होता की.

भाऊ : मला दिसला तो काचेत. तुझ्या तोंडी अजून चारच आहे.

आत्या : आता या वयात कबुली घेणार माझी? पोरीसमोर?

भाऊ : पोरीचंच पुस्तक आहे. तिलाही खरं कळू दे.

आत्या : …सतरा.

भाऊ : पूर्ण सांग. सूत्रधार म्हणून.

आत्या : फासा सतरा पडला. सहाच्या आत हवा होता. पखालजी मीठवादळात सापडला आणि मेला.

भाऊ : कुठे?

आत्या : बेचाळीसमध्ये. सीमा ओलांडून आत पाऊल टाकलं, आणि मग वादळ आलं.

भाऊ : आधी पाऊल टाकलं?

आत्या : आधी पाऊल. मग वादळ.

भाऊ : मग चौकोन माझाच आहे.

भाची : थांब, मेलेला सांगू शकतो?

भाऊ : रीत काय आहे? ज्याचा पहिला पाय. पुढे तो जगला का मेला, असं काही म्हटलंय का, ताई?

आत्या : नाही म्हटलेलं.

भाऊ : तर मग लिही. हळू सांगतो.

भाची : सांग.

भाऊ : शहर नाही. झरा नाही. लांबून सगळं सपाट दिसतं. पखालजी पडला तेव्हा पखाल फुटली. पाणी जिथे सांडलं तिथलं मीठ विरघळलं आणि खड्डा पडला. गुडघ्याएवढा. त्या खड्ड्यात रोज सकाळी ओंजळभर गोडं पाणी असतं.

आत्या : कुठून येतं?

भाऊ : सूत्रधारानं मध्ये बोलायचं नाही.

आत्या : चुकले.

भाऊ : कुठून येतं ते मला माहीत नाही. एका माणसाला एक दिवस पुरतं. दोघं गेले तर एकानं प्यायचं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायचं. भरून नेता येत नाही. खड्ड्याबाहेर काढून ठेवलं की खारं होतं. तिथेच बसून प्यावं लागतं.

भाची : आणि तिघं गेले तर?

भाऊ : तिघं गेले तर भांडतील. त्यालाच खेळ म्हणतात ना?

भाची : बाबा, हे माझ्या नऊ पानांपेक्षा भारी आहे. मला वाईट वाटत नाहीये, जरासुद्धा. खोटं बोलतेय, थोडं वाटतंय.

भाऊ : तुझं लवणपूर चांगलं आहे. टाकू नकोस. पुढे कधी तुझ्या पात्राचा पाय कोऱ्या जागी पडेल, तिथे ठेव. मग कोणी खोड म्हणणार नाही.

भाची : साठच्या वर गेलेत शब्द. बसवते मी, अक्षर बारीक करते. खड्ड्याला नाव?

भाऊ : नाव नको. नकाशावर नुसता ठिपका. आणि तो संगणकावर काढू नकोस. ताईनं काढायचा.

आत्या : माझा हात आता कापतो, धाकट्या.

भाऊ : ठिपकाच आहे. कापऱ्या हाताचा चालेल.

आत्या : माझं पेन कुठे आहे? ते बारीक टोकाचं. तू प्रकाशात उभा राहू नकोस, सरक तिकडे. चौकोन बेचाळीस. मधोमध का कडेला?

भाऊ : दक्षिणेच्या कडेला. फार आत पोचलो नव्हतो.

आत्या : …हा घे. बघ.

भाऊ : बरोबर आहे.

भाची : फोटो काढते, फाइलमध्ये बसवते. कोणी काही बोलू नका. …लवणपूर काढलं. ठिपका बसला. पान तीनवर रीत. परिचयात आत्याची प्रतिभा खोडून सहा जणांची नावं टाकतेय. बाबा, तुझं काय लिहू?

भाऊ : पखालजी लिही. बाकीच्यांचीही कामंच लिही, नावं नकोत. नर्सबाईंना कोणी नावानं ओळखायचं नाही.

भाची : पाठवली. पाचला सात कमी. बाईंचं उत्तर पण आलं. म्हणतायत, एवढ्याशा ठिपक्यासाठी नऊ पानं कमी केलीत? मी म्हणते, हो. फोन करून सांगते त्यांना. मी बाहेर आहे.

आत्या : पोरगी तुझ्यावर गेली आहे. एकदा ठरवलं की झालं.

भाऊ : बोलायला तुझ्यावर गेली आहे.

आत्या : ते सहावं पान, पखालजीचं. आहे का रे अजून?

भाऊ : आहे. पहिल्या नोकरीच्या कागदांत ठेवलंय.

आत्या : उद्या रविवार आहे. नर्सबाई दोन गल्ल्या पलीकडेच राहतात. निवृत्त झाल्यात. दंतवैद्यांना विचारलं तर चालत येतील.

भाऊ : पखालजी मेलाय, ताई. मी तो परत नाही खेळणार.

आत्या : मी कुठे म्हणते खेळ? नवीन पात्र काढ. तू काढशील ते.

भाऊ : आडोसा नको पण.

आत्या : नको.

भाऊ : फासा मी टाकणार, टेबलाच्या मधोमध. काहीही पडू दे, तू मध्ये यायचं नाहीस.

आत्या : नाही येणार. मी नुसती बघेन.